संत्र्याच्या खोक्यांचं घर

शेंदूरजनाघाट,
६ एप्रिल २०२५, रामनवमी

चंदा,

नावाआधी 'सौ.' लिहायले हात उचलला होता, पण पेन पुढं सरकला नाही. ज्याच्या जिवावर तू माह्या घरात सौ. झाली होती तो भिंतीवर हार घालून बसला आहे. अन् अकोल्याच्या जठारपेठेत झेरॉक्सच्या दुकानात जो बसते, त्याच्या नावाचं सौ. माह्या शाईतून निघत नाही. म्हणून नुसतं चंदा. आशीर्वाद पाहिजे असन तं समजून घे.

पत्र काहून लिहून राहिली म्हणशील. तू माहा नंबर ब्लॉक केला म्हणून. फोन लागत नव्हता तं शेजारच्या गोवर्धनले दाखवला. तो म्हणे, "काकू, समोरच्यानं तुमाले बंद करून टाकलं." घ्या! दहा वर्षं माह्या ताटाले ताट लावून जेवली, अन् एका बोटानं सासूले बंद करून टाकलं. दिवसातून चारदा फोन करत होती, कबूल. तोंडाले येईन ते बोलली असन, तेही कबूल. पण एक तरी गोष्ट खोटी बोलली का? जाऊ दे. पोस्टमन अजून आपल्या गावात येते, अन् कागद कोणाले ब्लॉक करता येत नाही.

मुद्द्याचं ऐक. खुशालराव येऊन गेले. तुहं अन् कुलदीपचं लग्न त्याईनंच जुळवलं होतं, म्हणून तुहे माहेरचे अन् आमी, दोघंही त्याईच्या शब्दाबाहेर नाही. त्याईच्यासमोर असं ठरलं की ३० तारखेले, अक्षय तृतीयेले, कुलदीपच्या नावाची घागर भरायची, अन् ते झालं की अंगणात सगळ्यादेखत पोराईले इचारायचं: आईकडं अकोल्याले जाता, का आजीजवळ राहता? पोरं म्हणतील ते शेवटचं. तू फिरवायचं नाही, म्या फिरवायचं नाही. अन् जो त्या दिवशी हजर नसन त्याचा हक्क संपला. ही अट खुशालरावची नाही बरं, माही आहे. कुलदीपच्या फोटोवर हात ठेवून म्या बोलून दाखवली.

पाट लावून गेलेल्या बाईचे पोरं बापाच्या घरी राहतात, हे आपल्यात चालत आलं. तरी म्या इचारायले तयार झाली, हे माहं मोठेपण समज. आपण नर्सरीवाले लोक. जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करतो. खुंट जमिनीतलं पाणी ओढते, मेहनत करते, सगळं खरं आहे. पण बाजारात फळाले कोणी जंबेरी म्हणत नाही. तू खुंट होती. वाईट वाटून घेऊ नको.

करिश्मा अकराची झाली, शिवम सातचा. तू दिवाळीले येऊन फाटकावरून वापस गेली, त्याच्यानंतर एकदा तरी ते म्हणाले का की आईकडं जाऊ? माह्यासमोर तं नाही म्हणाले.

अन् सध्या तं त्याईले मरायचीही फुरसत नाही. भावना आली आहे मूर्तिजापूरवरून. माही लेक म्हणजे तुही नणंद, इसरली नसशीन. शाळेत गणित शिकवते, लोकाच्या पोराईले. घरी तं एक नाही. लग्नाले बारा वर्षं झाली तरी वांझच राहिली, म्हणून जिथं जाईन तिथं दुसऱ्याचं लेकरू मांडीवर ओढते. तिनं करिश्माले मोबाईलवर एक गोल घर दाखवलं. पुठ्ठ्याचं. नुसते त्रिकोण एकमेकाले जोडायचे, खांब नाही, आडं नाही, अन् उभं राहते अर्धं संत्र पालथं घातल्यासारखं. माणूस आत बसलं तं डोकं लागत नाही. पोट्टी मागंच लागली. मृग बहाराचा संत्र्याचा माल गेल्यापासून शेडमधे खोके पडलेच होते. म्या म्हटलं, घ्या बापा, किती घेता ते घ्या.

सकाळपासून तिघं पुठ्ठे फाडून राहिले अन् माह्या अंगणात नुसता कचरा झाला. तुह्याकडं काय आहे? दोन खोल्या अन् खाली मशीनचा घरघराट.

३० ले ये. चांगली साडी नेसून ये, लोक पाहतील.

पार्वताबाई


शेंदूरजनाघाट,
१४ एप्रिल

चंदा,

तुहं पाकीट भेटलं. माह्यासाठी चार ओळी अन् पोराईसाठी दोन पानं. ते दोन पानं म्या वाचले अन् गव्हाच्या कोठीत टाकून दिले. पोट्टीची परीक्षा चालू आहे, आईचं अक्षर पाहून पेपरात चुकन. परीक्षा झाली की देईन. पाहू.

शिवमले अजून खोकला येते का म्हणून इचारलं. येते. हळदीचं दूध देते त्याले, छातीले तेल चोळते. कुशीत झोपते तो. माह्या.

आता एक गंमत सांगते, तुले हसू येईन. त्या घराचे दोन साचे भावनानं कापून देले होते. एक त्रिकोण तिन्हीकडून सारखा, अन् दुसरा जरासा चपटा. फरक म्हणशील तं तीन-चार बोटं. दहा सारखे लागतात अन् तीस चपटे. पोरं शाळेत गेले होते, म्या म्हटलं आपणही हात लावू. नर्सरीतली गंगूबाई अन् तिच्यासंगच्या बायका बोलावल्या. पण दोन साचे पाहिले अन् माहं डोकं फिरलं. जन्मभर फळ निवडलं म्या. एका खोक्यात दोन मापं गेली की अडत्या माल वापस फेकते. म्हटलं, भावनाची मास्तरकी ही अशीच, चुकली असन कापतानी. चपटा साचा बाजूले फेकला, अन् बायकाईकडून चाळीसच्या चाळीस एका मापाचे कापून घेतले. काय देखणे दिसत होते! ढीग पाहूनच जीव गार झाला.

संध्याकाळी पोरं जोडायले बसले. सहा त्रिकोणाईचे टोकं एका ठिकाणी आणले, पिठाची खळ लावली, स्टेपलर मारलं, अन् उठेचना! आणखी जोडले, तरी उठेना. सतरंजी पसरावी तसं सगळं अंगणभर पसरलं. शिवम त्याच्यावर लोळून राहिला अन् करिश्मा कोपऱ्यात रडून राहिली. आयतवारी भावना आली. घरात एक वाळकं संत्र होतं, ते सोललं, अर्धी साल माह्यापुढं ठेवली अन् म्हणे, "आई, ही दाबून सपाट कर." केली, तं फाटली. म्हणे, "गोल उठायचं असन तं मापात फरक लागते. सगळेच सारखे झाले की जमिनीवर झोपतात." म्या म्हटलं, बरं बाई, तू लय शहाणी. इतकं गणित येते तं स्वतःचा पाळणा कवा हलवशील?

खाली मान घालून चहा करायले गेली. तिची ती सवयच आहे.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. म्या असं बोलली तरी करिश्मा माह्या गळ्यात पडली अन् आत्याले म्हणे, "तू आजीले काही म्हणू नको. आजीनं पिरेमानं केलं." ऐकलं? सगळी मेहनत मातीत गेली अन् पोट्टी बाजू कोणाची घेते? ३० तारखेचा निकाल मले त्याच घडीले समजला. आता नवीन खोके काढून पुन्हा कापणं चालू आहे, अन् यावेळी मी फक्त खळ शिजवते. पोरं म्हणतात, आजीची खळ एक नंबर.

तू येऊन काय करशील ते तुले माहीत. पण ये. अट ते अट.

पार्वताबाई


शेंदूरजनाघाट,
२० एप्रिल

चंदा,

काय शिकवून ठेवलं व तू ह्या पोराईले?

आज दुपारी मी चहा घेऊन शेडमधे गेली. त्रिकोण सगळे कापून झाले होते, ओळीनं लावून ठेवले होते. अन् करिश्मा खाली एक साडी अंथरून माप पाहून राहिली होती. हिरवी, जरीच्या काठाची. तुही. कुलदीप गेला तवा तू अंगावरून काढली अन् म्या पेटीत तळाशी टाकली होती. म्या इचारलं, हे कशाले काढलं? करिश्मा साडीची घडी करायले लागली. पण शिवम लहान आहे, त्याच्या पोटात काही राहत नाही. म्हणे, "आईसाठी."

म्या म्हटलं, कोणती आई?

म्हणे, "आपली आई. तूच म्हणते ना, ह्या घरात तुमच्या आईले पाय ठेवू देणार नाही. म्हणून आमी तिच्यासाठी येगळं घर करून राहिलो. ३० तारखेले ती आली की ह्याच्यात राहीन. मंग आमाले कोणाचं नाव घ्या लागत नाही, अन् कोणालेच कुठं जा लागत नाही."

म्या हसली. हसूनच इचारलं, अन् मी रे? मी कुठं बसू त्याच्यात?

तं म्हणे, "तुले तं घर आहे."

माहे खोके. माही शेड. माह्या गंगूबाईचे हात. पंधरा दिवस माही बोटं खळीनं चिकट झाली, नखात पुठ्ठ्याची माती गेली. अन् घर कोणाचं, तं जी सोडून गेली तिचं! कुलदीप वरूड रोडवर ट्रकखाली गेला, त्याच्या मोटरसायकलचा आरसा अजून माह्या कपाटात आहे, अन् तू दोन वर्षं झाली न झाली तं दुसऱ्याचं कुंकू लावून अकोल्याले निघून गेली. त्या दिवशी शिवमले ताप होता. तुह्या पदराले धरून होता तो. त्याची मूठ म्या सोडवली, आठवते का? म्या सोडवली म्हणून तू जाऊ शकली. ह्याचे उपकार कधी मानले?

अन् ती करिश्मा! माह्या गळ्यात पडली, आजीनं पिरेमानं केलं म्हणे. मनात हे चालू होतं अन् तोंडावर मधासारखं गोड. तुहीच लेक ती.

मले कोणी नाही चंदा. भावना तिच्या घरी, तुहे सासरे गेले, कुलदीप गेला. हे दोन जीव गेले तं सकाळी उठून चूल पेटवू तं कोणासाठी पेटवू? तुह्याजवळ नवरा आहे. तुही कूस अजून चालू आहे, उद्या दुसरे होतील. तू दुसरे काढ, पाहिजे तितके काढ. माह्या कुलदीपचे मले राहू दे.

हे मागून नाही राहिली. सांगून राहिली.

पार्वताबाई


शेंदूरजनाघाट,
२४ एप्रिल

चि. सौ. चंदा हिले अनेक आशीर्वाद,

मागच्या पत्रात डोक्यात ऊन शिरलं होतं, काही जास्त लिहिल्या गेलं असन तं मनावर घेऊ नको. म्हातारं माणूस, चालायचंच.

पत्राले कारण की खुशालरावले बरं नाही. अमरावतीले दवाखान्यात भरती केलं. काळजी करण्यासारखं नाही, पण ३० ले त्याईले येता येणार नाही, म्हणून पोराईले इचारायचं आता ७ मे, बुधवारी ठेवलं. तू ३० ले येऊ नको, उन्हात फुकटचा हेलपाटा होईन. त्या दिवशी फक्त घागर भरून घेऊ. पोराईले मी समजावून सांगितलं आहे.

घर लय छान झालं. तुह्यासाठीच केलं त्याईनं, माहं मन तरी किती दिवस कडू राहीन? ७ तारखेले तूच पाहून घे.

शिवमले तुह्या हातचे शंकरपाळे आवडतात, तेवढे करून आण. जावयाले नमस्कार सांग.

तुही आईसारखी,
पार्वताबाई


शेंदूरजनाघाट,
११ मे

चंदा,

तू बुधवारी आली तवा मी घरातच होती. आतून कडी लावली होती. तू तीनदा म्हटलं, "आई, दार उघडा." मी देवघराच्या खिडकीतून पाहून राहिली होती. वाळली आहेस. हातात डबा होता. मंग तू शेडकडं वळली. तिथं पुठ्ठे पडले होते अन् त्याच्यावर तुही हिरवी साडी, उचलायले कोणाले सुचलंच नव्हतं. तू खालीच बसली. थोड्या वेळानं गंगूबाई आली अन् तिनं तुले सांगितलं की पोरं आठ दिवसापासून इथं नाहीत, मूर्तिजापूरले आहेत, भावनाकडं. कशी पळाली तू! डबा तिथंच राहिला. तो म्या आत आणला. शंकरपाळे खाल्ले. तेल जास्त झालं आहे.

तुले तसं बसलेलं पाहून मले बरं वाटलं का? वाटलं. खोटं काहून बोलू? तू जितका वेळ खाली बसून होती, तितका वेळ लय बरं वाटलं.

आता ३० तारखेचं ऐक. दुसरं कोणी तुले नीट सांगणार नाही.

खुशालराव ठणठणीत होते. सकाळी सगळ्यात आधी तेच आले. कुलदीपची घागर भरली, पुरणपोळ्या झाल्या, आमरस झाला. पोरं सकाळीच अंगोळ करून फाटकात उभे. रस्त्यावरून ऑटो गेला की शिवम पळत जाये अन् तोंड लटकावून वापस ये. म्या त्याले दोनदा म्हटलं, सावलीत बस रे, तं ऐकेना. जेवणं झाली तरी तुहा पत्ता नाही. खुशालराव म्हणे, "पार्वता, तिले फोन लाव." ते स्वतः फोन बाळगत नाहीत. म्या सगळ्यासमोर लावला, आवाज मोठा करून. लागलाच नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. लोकाईनं आपल्या कानानं ऐकलं. अन् हे काही म्या केलं नव्हतं बरं, हे तूच करून ठेवलं होतं.

लोक कुजबुजायले लागले. गोवर्धनची बायको म्हणे, नव्या संसाराची गोडी, जुने पोरं कोणाले आठवतात. म्या काही बोलली नाही. बोलायची गरज काय होती?

करिश्मा म्हणे, "आई येतच असन. तोवर आमी घर उभं करतो." दोघं कामाले लागले. खालचा घेर बसला. वरचा बसेना. टोकाले टोक येईना, ओढून आणलं तं दुसरीकडून फाटे. ते दहा सारखे त्रिकोण होते ना, ते म्या आदल्या दिवशी, पोरं विहिरीवर गेले तवा, तिन्ही बाजूनं छाटून ठेवले होते. जास्त नाही, दोन बोटं. एकदा चुकून शिकली, दुसऱ्या खेपेले मुद्दाम करायले काय लागते? शिवम आत उभा राहून दोन्ही हातानं छत धरून होता. ते सगळं त्याच्या अंगावर आलं. पुठ्ठाच तो, लागलं काही नाही. पण खाली दबून तो "आई" म्हणून ओरडला अन् लोक हसले. मीही हसली.

करिश्मा रडली नाही. तिनं एक त्रिकोण उचलला अन् त्याच्या कडेवरून बोट फिरवलं. त्याईनं सगळे कैचीनं कापले होते. कैचीची कड दबते अन् कलमेच्या चाकूची कड चोख निघते, हे नर्सरीतल्या लेकराले शिकवा लागत नाही. अन् तो चाकू घरात एकच आहे, माह्या कमरेले असते. तिनं माह्या कमरेकडं पाहिलं. तोंडाकडं पाहिलंच नाही.

मंग खुशालरावनं इचारलं, "सांगा बेटा, कुठं राहता?" म्या तिले जवळ ओढलं, म्हटलं सांग माय, भिऊ नको, आजी आहे. ती बाजूले सरकली, शिवमचा हात धरला, अन् फाटकातल्या माणसाले ऐकू जाईन इतक्या मोठ्यानं बोलली, "आई आली नाही. आजीनं घर कापलं. आमी भावनाआत्याकडं जातो."

मी ओरडली, आत्याचं नाव कोणी काढलं? अटीत आई होती अन् आजी होती! खुशालराव म्हणे, "अट तुहीच होती पार्वता. पोरं म्हणतील ते शेवटचं. पोराच्या फोटोवर हात ठेवून बोलली तू." अन् त्याच दिवशी आपल्या जीपमधे बसवून घेऊन गेले. पोराईचे कपडेही म्या देले नाही, जसे होते तसे गेले. शिवमनं मागं वळून पाहिलं. तिनं नाही पाहिलं.

भावनाले तं काही माहीतच नव्हतं. बिचारी पेपर तपासून राहिली होती, दार उघडलं तं दारात दोन पोरं. जिले म्या बारा वर्षं वांझ म्हणून हिणवलं, तिच्या घरी आयते दोन लेकरं चालत गेले. माह्या पोटच्या पोराचं होतं ते माह्याच पोटच्या पोरीनं नेलं, अन् माहं घर रिकामं झालं. मी दोन दिवस जेवली नाही. तुले आनंद वाटत असन तं वाटू दे.

पण थांब, तुहंही सांगते. तू मूर्तिजापूरले गेल्यावर काय झालं ते मले समजलं. भावनानं फोनवर सांगितलं, रडून रडून. शिवम तुह्याकडं पळत आला म्हणे. करिश्मा खोलीतून निघालीच नाही. तू आत गेली, माहं २४ तारखेचं पत्र तिच्या हातात देलं, म्हटलं, पाह्य माय, मले आजीनं फसवलं. पोट्टीनं सगळं वाचलं, घडी करून तुले वापस देलं अन् म्हणे, "आजी खोटं बोलते हे तुले माहीत नव्हतं का? म्या तुले आजीच्या फोनवरून रोज फोन लावत होती. रोज. एकदाही लागला नाही."

हे मलेही माहीत नव्हतं, चंदा. फोन माह्याजवळ असते. कवा घेत होती अन् कवा ठेवत होती, देव जाणे. पण इतकं ध्यानात ठेव, पोट्टीचं दार एकट्या माह्या हातानं नाही लागलं. तू सासूले बंद करायले गेली अन् लेकीले बंद करून बसली.

आता रडणं पुरे. भांडणही पुरे. भावना आता बदलली आहे. म्हणते, जूनमधे पोराईचं नाव मूर्तिजापूरच्या शाळेत टाकते. तुले महिन्यातून दोनदा येऊ देईन. मले तेही नाही. मले म्हणे, "आई, तू येऊ नको, तू येणार म्हटलं की करिश्मा जेवत नाही." माही लेक मले म्हणते, येऊ नको! आवाज तरी किती शांत, जसं काही वर्गात शिकवून राहिली आहे.

म्हणून नीट ऐक. वरूडले एक वकील आहे, म्या बोलून ठेवलं. तो म्हणे, आत्याचा काही हक्क पोहोचत नाही. तू सख्खी आई, मी सख्खी आजी. दोघी संगं गेलो तं ती काय करन? तू म्हण, तिले लेकरू होत नाही म्हणून तिनं पोराईचे कान भरले. घर दाखवायच्या निमित्तानं आपल्याकडं ओढले. मी साक्ष देईन. माही साक्ष कशी असते ते आता तुले माहीत आहे, ऐकणाऱ्याले शंका येत नाही. पोरं हातात आले की मंग आपण दोघी आपलं पाहून घेऊ. पाहिजे तं तू इथं येऊन राह, पुढची खोली म्या झाडून ठेवली आहे. झेरॉक्सवाल्यालेही आण, मी काही म्हणत नाही.

आपले पोरं आहेत ते, चंदा. तुहे अन् माहे. आपण दोघी जित्या असून लोकाच्या घरी काहून वाढतील?

सोमवारी १९ तारखेले, सकाळी वरूडच्या स्टँडवर मी उभी राहीन. नाही आली, तं वकिलाले म्या इतकंच सांगीन की आईले बोलावलं होतं, ती याही खेपेले आली नाही.

पार्वताबाई